दिल्लीची बातमी तिरोड्यात वाचताना



गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगी बी.ए. झाली. दीड वर्षापासून घरीच राहून राज्यसेवेचा आणि जमले तर यूपीएससीचाही अभ्यास करते. इतिहास, भूगोल जमतो. 'चालू घडामोडी' म्हटले की गाडी अडते. रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर व्हिडिओ पाहून तिने चार वह्या भरल्या, तरी सराव परीक्षेत गुण येत नाहीत. घरात आता दोन मते पडली आहेत. अब्बा म्हणतात, "दिल्लीच्या गोष्टी तिरोड्यात बसून कशा कळणार? एक तर तिला नागपूरला ठेवू, नाही तर हा नाद सोडू." त्यात नात्यातून स्थळेही येऊ लागली आहेत. भगिनी विचारतात, मुलीला काय सांगू आणि तिच्या अब्बांना काय सांगू?

हा प्रश्न एका घराचा नाही. साकोली, पुसद, परतूर, उदगीर, जिथे जिथे आपली मुले-मुली तालुक्याच्या गावी राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतात, तिथे तो आहे. म्हणून या महिन्याचे सदर याच विषयावर.

आधी अब्बांच्या शंकेबद्दल. ती रास्त आहे. दिल्लीत किंवा पुण्यात राहणाऱ्या मुलाला मार्गदर्शन, अभ्यासिका आणि सोबती सहज मिळतात. पण चालू घडामोडींपुरते बोलायचे तर दिल्लीची गोष्ट दिल्लीत राहत नाही. ती कायदा होऊन, भाव होऊन, हुकूम होऊन तालुक्यात येते. तिरोड्यात बसलेल्या मुलीला ती आलेली दिसते. अडचण एवढीच की तिला ती ओळखायला कोणी शिकवलेले नसते.

परीक्षा नेमके काय विचारते?

यूपीएससीच्या पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरच्या अभ्यासक्रमात पहिलेच कलम आहे राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घडामोडी. आपल्या राज्यसेवेत त्याला राज्याच्या घडामोडींची जोड आहे. दोन्हीकडे या पेपरमध्ये 100 प्रश्न, 200 गुण आणि दोन तास. दुसरा पेपर, ज्याला मुले सीसॅट म्हणतात, 33 टक्के मिळवून फक्त उत्तीर्ण व्हायचा असतो. चुकीच्या उत्तराला यूपीएससी त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापते, तर एमपीएससी एक चतुर्थांश. म्हणजे एमपीएससीत चार उत्तरे चुकली की एका बरोबर उत्तराची कमाई गेली. यूपीएससीत तीनच चुकांत जाते.

आता या कापल्या जाणाऱ्या गुणांकडे पाहा आणि मुलीच्या चार वह्यांकडे पाहा. वह्यांत काय असते? कोणाला कोणता पुरस्कार मिळाला, कोणती परिषद कुठे भरली, कोणाची कुठे नेमणूक झाली. असे प्रश्न येतात, पण थोडे. बहुतेक प्रश्न "पुढील विधाने विचारात घ्या" असे सुरू होतात. त्यात बातमी निमित्ताला असते. खरे विचारलेले असते ते बातमीमागचे कलम, कायदा, संस्था आणि तिचा अधिकार. नुसती बातमी पाठ असलेला उमेदवार अशा वेळी दोन पर्यायांमध्ये अडकतो आणि अंदाजाने खूण करून गुण घालवतो.

मुख्य परीक्षेत हे आणखी ठळक होते. एमपीएससीने राज्यसेवेची मुख्य परीक्षा यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक केली. ती 2023 पासूनच लागू व्हायची होती. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर 2025 पासून लागू करण्याचे ठरले. पूर्वी पर्यायांवर गोळे रंगवायचे, आता लिहायचे. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन, असे प्रत्येकी 250 गुणांचे सात पेपर, म्हणजे 1750 गुण, आणि मुलाखतीचे 275. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरमध्ये तीन तासांत वीस उत्तरे लिहावी लागतात. एका उत्तराला नऊ मिनिटे. नऊ मिनिटांत पाठांतर आठवत बसायला वेळ नसतो. विषय समजलेला असेल तरच हात चालतो.

तिरोडा तालुक्याचे चार धडे

आपल्याकडे म्हण आहे, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिरोड्याच्या मुलीने आधी आपल्या तालुक्यावर नजर टाकावी. राष्ट्रीय घडामोडींचे निदान चार मोठे धडे तिथेच आहेत.

पहिला धडा धानाचा. दिवाळीनंतर आधारभूत केंद्रावर धानाचे कट्टे लागतात, ते तिने लहानपणापासून पाहिले आहे. साधारण धानाचा आधारभूत भाव 2024-25 च्या हंगामाला क्विंटलला 2300 रुपये होता, 2025-26 साठी 2369 झाला. हा भाव ठरवतो कोण? कृषी खर्च व मूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्र सरकार भाव जाहीर करते. संसदेने त्यासाठी वेगळा कायदा केलेला नाही, म्हणूनच हमीभावाला कायद्याची हमी द्या ही मागणी देशभर होते. वर बोनस म्हणून जी रक्कम मिळते ती राज्य सरकारच्या तिजोरीतून. खरेदी करतात पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ. भरडाई होऊन तो तांदूळ रेशनवर जातो, आणि तिथे 2013 चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा सुरू होतो: प्राधान्य गटातील माणशी महिन्याला पाच किलो धान्य. एका कट्ट्यामागे केंद्र, राज्य, सहकार आणि अन्नाचा हक्क असे चार विषय उभे आहेत.

दुसरा धडा विजेचा. तिरोड्याच्या औष्णिक वीज प्रकल्पात 660 मेगावॅटचे पाच संच आहेत, एकूण 3300 मेगावॅट. चिमणी गावातून दिसते. वीज हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीचा विषय आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. मुख्य कायदा 2003 चा विद्युत अधिनियम. आपल्या घरच्या बिलाचा दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. अशा मोठ्या औष्णिक प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी केंद्राच्या मंत्रालयाकडून घ्यावी लागते. कोळसा, राख, पाणी, जमीन, रोजगार, हवामान बदल असे मुख्य परीक्षेचे अर्धा डझन प्रश्न त्या एका चिमणीखाली आहेत.

तिसरा धडा झुडपी जंगलाचा. हा शब्द पुण्या-मुंबईच्या मुलांना समजावून सांगावा लागतो, तिरोड्याच्या मुलीला नाही. विदर्भ 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. तिथल्या जुन्या महसुली नोंदींत खुरट्या झाडोऱ्याच्या जमिनींना हे नाव पडले. त्यांतील अनेक जमिनींवर पुढे घरे, शाळा, कचेऱ्या उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशात 'वन' शब्दाचा अर्थ व्यापक केला, तेव्हापासून या जमिनींचा पेच वाढला. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगल वनच समजावे. मात्र 1996 च्या त्या आदेशापूर्वी झालेल्या वाटपांना केंद्राच्या मंजुरीने नियमित करण्याची वाट ठेवली. आता दुवा जोडा. वने हा विषय मूळ घटनेत राज्यसूचीत होता. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. त्याच दुरुस्तीने शिक्षणही समवर्ती झाले आणि पर्यावरण रक्षणाचे कलम 48अ घटनेत आले. 1980 चा वन संवर्धन कायदा त्यानंतरचा. गावच्या सातबाऱ्यातील एका नोंदीपासून घटनादुरुस्तीपर्यंतचा हा रस्ता ज्या मुलीला चालता येतो, तिला पर्यावरणाच्या प्रश्नाची भीती राहत नाही. याच रस्त्यावर पुढे नवेगाव-नागझिरा लागते. डिसेंबर 2013 मध्ये तो राज्यातील पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला. तिथून 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण शिकावे.

चौथा धडा निवडणुकीचा. डिसेंबर 2017 मध्ये भंडारा-गोंदियाचे तेव्हाचे खासदार नाना पटोले यांनी लोकसभेचा राजीनामा दिला. 28 मे 2018 रोजी पोटनिवडणूक झाली. मतदान यंत्रांच्या बिघाडाच्या तक्रारी आल्या आणि 49 केंद्रांवर 30 मे रोजी फेरमतदान घेतले गेले. मधुकर कुकडे निवडून आले. ही झाली बातमी. अभ्यास असा: खासदार राजीनामा कोणाकडे देतो? सभागृहाच्या अध्यक्षांकडे, घटनेच्या कलम 101 प्रमाणे. पोटनिवडणूक कधीपर्यंत घ्यावी लागते? लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 151अ प्रमाणे जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत. सदस्याचा उरलेला काळ एक वर्षापेक्षा कमी असेल तर गरज नाही. घेते कोण? कलम 324 खालचा निवडणूक आयोग. तिरोड्यात त्या दिवशी ज्यांनी रांगेत उभे राहून मतदान केले, त्यांच्या घरात हा धडा जिवंत आहे. मुलीने अम्मीला विचारावे.

वही बदला

चार भरलेल्या वह्या बाजूला ठेवा आणि पाचवी नवी सुरू करा. प्रत्येक बातमीला फक्त पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर पाच ओळींत लिहायचे.

एक, हे कोणी केले: संसद, मंत्रिमंडळ, न्यायालय, आयोग की राज्य?
दोन, कोणत्या अधिकाराने: घटनेचे कलम, सूची, कायदा?
तीन, पैसा कोणाचा?
चार, लक्षात ठेवावी अशी एक तारीख आणि एक आकडा कोणता?
पाच, वाद काय आहे, आणि दोन्ही बाजू काय म्हणतात?

ज्या बातमीला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरच सापडत नाही, ती बहुतेक वेळा आपल्या कामाची नसते. रोजच्या वृत्तपत्रातून अशा तीन-चार बातम्या निघाल्या तरी पुष्कळ. त्यासाठी तास-सव्वा तास पुरतो. मोबाईलवरचा व्हिडिओ ऐकताना समजल्यासारखे वाटते. स्वतःच्या शब्दांत पाच ओळी लिहायला बसले की खरे काय समजले ते कळते.

एक उदाहरण घेऊ. पुढील विधाने विचारात घ्या. पहिले: किमान आधारभूत किंमत संसदेच्या कायद्यानुसार ठरते. दुसरे: ती कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्र सरकार जाहीर करते. तिसरे: राज्य सरकार आपल्या तिजोरीतून त्यावर बोनस देऊ शकते. बरोबर कोणती? ज्याने नुसते "धानाला 2369 रुपये" पाठ केले, तो इथे अडला. ज्याने वर सांगितलेले पाच प्रश्न लिहिले, त्याला पहिले चूक आणि उरलेली दोन बरोबर हे दहा सेकंदांत दिसते.

साहित्यही फार लागत नाही. एक चांगले मराठी वृत्तपत्र, तेही घरी परवडत नसेल तर वाचनालयात. केंद्राच्या प्रकाशन विभागाचे 'योजना' मासिक मराठीत निघते, राज्य शासनाचे 'लोकराज्य' आहे. पत्र सूचना कार्यालयाची निवेदने मराठीत मोफत वाचता येतात. अर्थसंकल्पाच्या आधी निघणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मराठीत मिळते. आणि दोन्ही आयोगांच्या संकेतस्थळांवर जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. कुठल्याही वर्गाची पुस्तिका विकत घेण्याआधी मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका हातात असाव्यात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: यूपीएससीची पूर्व परीक्षा फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते, मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात. त्यामुळे यूपीएससी द्यायची असेल तर रोज एक इंग्रजी किंवा हिंदी अग्रलेखही वाचायला हवा. घरी हिंदी-उर्दू बोलणाऱ्या आपल्या मुलांना हिंदी प्रश्न वाचणे तुलनेने सोपे जाते, पण प्रश्नपत्रिकेतील हिंदी ही बोलण्यातली हिंदी नव्हे, तिचा सराव करावा लागतो.

आपल्याविषयीची बातमी

आता एक नाजूक गोष्ट, जी वर्गात कोणी बोलत नाही. काही बातम्या आपल्या घरात शांतपणे वाचल्या जात नाहीत. अशा बातमीचा अभ्यास मुले टाळतात, किंवा रागाने करतात. परीक्षेत दोन्ही अंगाशी येते.

वक्फ सुधारणा कायद्याचेच घ्या. एप्रिल 2025 मध्ये तो दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, लोकसभेत 288 विरुद्ध 232 आणि राज्यसभेत 128 विरुद्ध 95 मतांनी, आणि 8 एप्रिलपासून अमलात आला. 15 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. संपूर्ण कायद्याला स्थगिती दिली नाही. काही तरतुदी मात्र थांबवल्या: वक्फ करणाऱ्याने पाच वर्षे इस्लामचे पालन केलेले असावे ही अट, नियम होईपर्यंत, आणि मालमत्ता सरकारी आहे की नाही हे सरकारी अधिकाऱ्याने ठरवण्याचा अधिकार. बिगरमुस्लिम सदस्यांची संख्या केंद्रीय परिषदेत चारपेक्षा आणि राज्य मंडळात तीनपेक्षा जास्त नसावी, असेही सांगितले.

उमेदवार म्हणून मुलीने यात काय शिकावे? धर्मादाय संस्था आणि धार्मिक देणग्या हा समवर्ती सूचीचा विषय आहे. याचिकाकर्त्यांचा आधार कलम 25 आणि 26, म्हणजे धर्माचे स्वातंत्र्य आणि धार्मिक बाबींचे व्यवस्थापन. सरकारचे म्हणणे नोंदी, पारदर्शकता आणि कारभार सुधारण्याचे. अंतरिम आदेश आणि अंतिम निकाल यांत फरक काय? संसदेचा कायदा घटनेशी सुसंगत समजून न्यायालय चालते, तरी काही तरतुदी का थांबवल्या? हे सारे तिने निकालातल्या क्रमाने लिहून काढावे. आपले मत असू द्यावे, ते शेवटी दोन ओळींत आणि घटनेच्या भाषेत मांडावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे तिच्या माणसालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे लिहिता आले, की उत्तर तयार झाले. हे दबणे नव्हे. उद्या हीच मुलगी तहसीलदाराच्या खुर्चीवर बसली तर तिच्यासमोर दोन भांडणारे पक्ष असतील, आणि त्यातला एक कदाचित आपल्याच मोहल्ल्यातला असेल. तिने दोघांचे ऐकावे, हीच त्या खुर्चीची अपेक्षा. परीक्षा तेवढेच तपासते.

अशा खुर्च्यांवर आपली माणसे किती आहेत? सच्चर समितीने 2006 च्या अहवालात आकडा दिला होता: आयएएसमध्ये मुस्लिम 3 टक्के, आयपीएसमध्ये 4 टक्के, परराष्ट्र सेवेत 1.8 टक्के, 2001 च्या जनगणनेत लोकसंख्येतील वाटा मात्र 13.4 टक्के होता. हा आकडा मुलाखतीत विचारला जाऊ शकतो. तो तक्रार म्हणून नव्हे, कारणे आणि उपाय यांसह सांगता यावा.

नागपूर की घर?

आता अब्बांच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. तिरोडा मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे, नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास. पाठवणे अशक्य नाही. पण चालू घडामोडी कळत नाहीत एवढ्या कारणासाठी हजारो रुपये भाडे आणि शुल्क भरू नका. तो अभ्यास घरी होतो. नागपूरला जायचे ते उत्तरे तपासून घेण्यासाठी, सराव परीक्षांसाठी आणि सोबतीसाठी. त्यासाठीही आधी सरकारी वाट पाहावी. नागपुरात शासनाचे भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, मुंबईत राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था आहे, दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियाची निवासी प्रशिक्षण अकादमी अल्पसंख्याक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला उमेदवारांसाठी आहे. सगळीकडे प्रवेश परीक्षा असते, आणि वर सांगितलेला अभ्यास तिथेही कामी येतो.

कागदपत्रे आजच पाहून ठेवा. तांबोळी, बागवान, पिंजारी, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. आपली बिरादरी राज्याच्या आणि केंद्राच्या यादीत आहे का, हे वेगवेगळे तपासावे. दोन्हीचे दाखलेही वेगळे असतात. नॉन-क्रीमिलेअर दाखला असेल तर नागपूरला मुख्यालय असलेल्या महाज्योती संस्थेच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवता येते. यूपीएससीत खुल्या प्रवर्गाला वयाच्या 32 वर्षांपर्यंत सहा संधी, ओबीसीला 35 पर्यंत नऊ. राज्यसेवेत महिलांसाठी 30 टक्के समांतर आरक्षण आहे. अर्जाची शेवटची तारीख आल्यावर दाखल्यासाठी धावपळ करून अनेकांचे वर्ष गेले आहे.

घराने ठरवायची गोष्ट

विदर्भातीलच यवतमाळच्या अदिबा अनम हिचे नाव आपण ऐकले असेल. वडील रिक्षाचालक. एप्रिल 2025 मध्ये लागलेल्या यूपीएससी 2024 च्या निकालात तिने देशात 142 वा क्रमांक मिळवला. महाराष्ट्रातून आयएएससाठी निवडली गेलेली पहिली मुस्लिम महिला म्हणून तिचे कौतुक झाले. त्याआधीचे तिचे प्रयत्न फसले होते, हे कौतुकाच्या फलकावर कोणी छापत नाही. जालना जिल्ह्यातील शेलगावच्या अन्सार शेख यांनी 2015 च्या परीक्षेत 21 व्या वर्षी 361 वा क्रमांक मिळवला. तेही रिक्षाचालकाचे चिरंजीव. त्यांच्या धाकट्या भावाने शाळा सोडून काम केले आणि घराला हातभार लावला, हे त्यांनीच सांगितले आहे.

दोन्ही गोष्टी अभिमानाच्या आहेत, आणि दोन्हींत घरासाठी सूचना आहे. या परीक्षेला एकटा उमेदवार बसत नाही, सगळे घर बसते. म्हणून ओझे कोणावर पडते ते घराने उघड बोलावे. एका मुलीच्या अभ्यासासाठी दुसऱ्याची शाळा सुटत असेल तर वाट बदलावी. यूपीएससी 2024 मध्ये साऱ्या देशातून 1009 जणांची शिफारस झाली. मेहनत करूनही न होणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि ते नालायक नसतात.

भगिनींनो, तुमच्या मुलीसाठी माझा सल्ला असा. घरात बसून, तिच्यासमोर, मुदत ठरवा. आजपासून दोन पूर्ण वर्षे. त्या दोन वर्षांत स्थळांचा विषय तिच्यापुढे काढायचा नाही, पाहुण्यांना चहा द्यायला तिला अभ्यासातून उठवायचे नाही, आणि दर महिन्याला "काय झाले?" विचारायचे नाही. तिच्या बाजूने करार असा की राज्यसेवेबरोबर गट ब आणि गट क ची संयुक्त परीक्षा द्यायची. अभ्यास बराचसा तोच असतो आणि हातात नोकरी आली तर पुढचा प्रयत्न निर्धास्तपणे करता येतो. दोन वर्षांनंतर पुन्हा एकत्र बसून ठरवा. मुदत नसलेला अभ्यास मुलीलाही खातो आणि घरालाही. मुदत ठरली की शेजारीपाजारी काय म्हणतात याला उत्तर द्यायची गरज उरत नाही.

अब्बांनी एक काम करावे. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे मुलीकडून दिवसाची एक बातमी समजून घ्यावी. त्यांना समजेपर्यंत तिने सांगावे. धानाचा भाव, विजेचे बिल, रेल्वे, जमीन यांबद्दल त्यांना तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिला कलम माहीत आहे. दोघांचे मिळून उत्तर पुरे होते. मुलाखतीची तयारीही अशीच होते, त्याला शुल्क पडत नाही.

या महिन्याचा अभ्यास

ज्या घरांत परीक्षार्थी आहे, त्यांनी आपल्या तालुक्यातील चार गोष्टी निवडाव्यात: एक पीक, एक प्रकल्प किंवा कारखाना, एक जमिनीचा किंवा पाण्याचा प्रश्न आणि एक निवडणूक. प्रत्येकीवर वरचे पाच प्रश्न सोडवून एक पान लिहावे. नंतर त्यातून प्रत्येकी तीन विधानांचा एक प्रश्न तयार करावा आणि भावंडाला सोडवायला द्यावा. जो चांगला प्रश्न तयार करू शकतो, तो परीक्षकाच्या प्रश्नाला सहसा फसत नाही.

पुढच्या अंकात निबंधाच्या पेपरविषयी बोलू. पत्रे पाठवत राहा. सर्व परीक्षार्थींना दुआ.

अल्लाह हाफिज.